ओळीचं शेपूट

तोफ पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. बाराव्या मजल्याच्या उंचीवर, लिफ्टच्या टपावर उभा राहून, खाली काळा खड्डा आ वासून बसलेला असताना हा गडी पाना काखेत मारून दोर तपासायचा, वर शीळही घालायचा. भीती कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. ती भेटली पन्नाशी उलटल्यावर, भिंतींना स्पंज डकवलेल्या एका खोपटाएवढ्या खोलीत, माइकसमोर.

मिसरूड फुटल्यापासून तो रॅप करत आलेला. जोडी होती, नावं स्टेजवरची: हा तोफ, आणि बायकोचा थोरला भाऊ बत्ती. तोफेने ओळ उचलायची, धडाडत न्यायची, आणि ओळीचं शेपूट, म्हणजे शेवटचे दोन शब्द, बत्तीने हाणायचे. तेवढ्यात तोफ दम घ्यायचा. अर्धं आयुष्य असंच गेलं. मग पोस्टरवर कुणाचं नाव आधी, यावरून दोघांची जुंपली.

"बत्तीशिवाय तोफ म्हणजे नुसतं नळकांडं," मेहुणा म्हणाला. "पाणी सोड त्यातनं."

तोफेचं डोकं सणकलं. "बघच तू. अख्खा अल्बम एकट्याने काढतो."

बोलायला काय जातंय! स्टुडिओत उभा राहिला आणि शेपूट आलं की जबडा आपोआप मिटायला लागला. तोंड दुसऱ्याची वाट बघत राहायचं. तोवर ताल पुढे निघून गेलेला. पायाखाली जमीन आहे की नाही याचीच शंका. मेहुणा खरं बोलला असेल तर? आपण खरंच नळकांडं असू तर?

"काका, ओळ संपवायला भाड्याने माणूस आणू का?" रेकॉर्डिंगवाली काचेपलीकडून म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात कसबी होता. "असं करा. आधी ओळी म्हणा, नंतर सगळी शेपटं एकदम. मी जोडून देते."

युक्ती फळली. गाणी पटापट उरकली. सगळं कसं झकास झालं असं मनाशी म्हणत तोफ फोन घेऊन घरी आला आणि त्याने पहिलं गाणं बायकोला लावून दाखवलं. ती शर्टाचं बटण लावत होती. दुसऱ्या ओळीलाच सुई थांबली.

"दादा कधी आला होता?"

"कोण दादा?"

"मला किती दादा आहेत? समेट झाला आणि मला पत्ता नाही?"

"अगं, तो मीच आहे."

"काहीही काय सांगता! तो नाकातला चढा आवाज लहानपणापासून ऐकतेय मी. माझी खोडी काढून पळताना अस्साच ओरडायचा."

तोफेने पुन्हा लावलं. नीट कान देऊन ऐकलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बत्तीच तो! तोच हेल, तोच शेवटचा फटका. शेपटं वेगळी म्हणताना आपल्याच घशातून दुसरा माणूस बोलत होता, आणि आपल्याला सुगावा नाही. शेपूट त्याचं, तर डोकं तरी आपलं कशावरून? आणि मेहुण्याने हे ऐकलं की काय होईल? पोट धरून हसेल तो. गल्लीभर सांगत सुटेल.

"राहू द्या की," बायको म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"तुला कळलं ना? त्याला नाही कळणार?"

तिने दोरा दाताने तोडला. "मग जा परत. पण रागात जाऊ नका. रागावलात की तुम्ही दादासारखेच ओरडता."

दुसऱ्या दिवशी काम संपवून, हाताचं वंगण तसंच ठेवून तो स्टुडिओत गेला. "जोडकाम नको. एका दमात घेऊ."

"जमेल?"

"नाही वाटत."

ताल सुरू झाला. पहिली ओळ धावली, शेपटाशी आली, आणि घसा ओळखीच्या वाटेने नाकाकडे चढायला लागला. तोफेने तो दाबून धरला. मग जे बाहेर आलं ते बारीक होतं, कापरं होतं. अंधारात कुणी 'कोण आहे तिकडे?' विचारावं तसं. असला आवाज त्याने जन्मात काढला नव्हता. तो थांबला नाही. दम पुरेना, मध्येच धापा टाकल्या, एक शब्द अर्धा गिळला, पण प्रत्येक ओळ शेवटपर्यंत नेऊन टाकली. गाणं संपलं तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

रेकॉर्डिंगवालीने कानावरचे हेडफोन काढले. "परत घेऊ?"

"कसं झालं ते सांग."

"खरं सांगू? घाबरल्यासारखं वाटतंय."

"ते असू दे. दुसरं कुणी ऐकू आलं का?"

"दुसरं कोण? आत तुम्ही एकटेच तर होतात, काका."

तोफ भिंतीला टेकून मटकन खाली बसला. मग माइकचा खांब धरून उठला.

"पुढचं लाव," म्हणाला, आणि त्याला पुन्हा दरदरून घाम फुटला.