मुंढ्यापाशी हळू

तिला सगळे टकटक म्हणत. शाळेत बाकावर, घरी ताटावर, बसमध्ये पुढच्या सीटच्या पाठीवर तिची बोटं चालूच असायची. वर्गातल्या एका वैतागलेल्या बाईंनी हे नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, मग साबणांच्या आणि पंख्यांच्या जाहिरातींची गाणी, आणि मग तब्बल चौदा वर्षं एका मोठ्या संगीतकाराच्या हाताखाली. मोठा कसला, नाव मोठं. चाल टकटकची, शब्द बरेचदा तिचेच, कुठलं वाद्य कुठे वाजायचं हेही तीच ठरवणार. गायिकेला चाल कळावी म्हणून कच्चा नमुना गायचा, तोही तिनेच. मग गायिका यायची, हेडफोनमध्ये टकटकचा आवाज ऐकत गायची आणि काम झालं की टकटकचा आवाज पुसला जायचा. पुसायचाही टकटकनेच. कव्हरवर नाव संगीतकाराचं. याला शिकणं म्हणतात, असं तो तोंड वर करून सांगायचा. चौदा वर्षं कोण शिकतं? डॉक्टरसुद्धा त्याआधी सुटतात.

तिची कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. पुढच्या खोलीत सासऱ्यांचं शिवणकाम. सासरे शिंपी, पायाने चालवायच्या मशीनवर अजून शर्ट शिवत. गाण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टकटकने भिंतींना पोती टांगली होती आणि त्यांत सासऱ्यांच्याच चिंध्या ठासल्या होत्या. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि या दोन कारखान्यांच्या मध्ये वह्या तपासायला कोपरा शोधत फिरायचा. सासरे सुनेच्या गाण्यांबद्दल अवाक्षर काढत नसत. चांगलं नाही की वाईट नाही. एकदा एवढंच म्हणाले होते की रेशमी चिंध्या वेगळ्या काढल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या संगीतकाराने एकदाचं कामातून अंग काढून घेतलं. त्याच्या कायमच्या गायिकेला मात्र नवी रेकॉर्ड करायची होती. कंपनीच्या साहेबांनी कोणाला बोलावू असं विचारल्यावर ती म्हणाली, "चौदा वर्षं जी माझ्या कानात गातेय, तिला बोलवा."

साहेब आढेवेढे घेत तयार झाले. शुक्रवारी दुपारपर्यंत एक गाणं करून दाखवा म्हणाले. जमलं तर आठही गाणी तुमची आणि कव्हरवर निर्माती म्हणून नाव तुमचं. नाही जमलं तर एक तरुण गडी तयारच बसलाय.

गाण्याचा नमुना टकटकने मागच्या खोलीत कधीच करून ठेवला होता आणि तो झालाही होता झकास. गायिका दोनदा ऐकून गुणगुणायला लागली होती. आता फक्त कंपनीच्या मोठ्या स्टुडिओत तो नीट वाजवून घ्यायचा. इथेच टकटकबाईंनी घोळ घातला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, चकचकीत जमीन, भिंतीवर गाजलेल्या रेकॉर्डच्या तसबिरी. ते बघून तिला वाटलं, आपण घरगुती दिसायला नको. म्हणून तिने सगळ्यांच्या कानात घड्याळासारखी एकसारखी टिकटिक लावली. वादकांनी एकेक करून त्या टिकटिकीवर वाजवलं. जो ठोका केसभर मागेपुढे होता तो तिने कॉम्प्युटरवर सरकवून रेषेत बसवला. गाणं इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. त्यावर गायिका बुधवारी दिवसभर गायली, तेवीस वेळा. मुखड्यावर परत येताना दरवेळी तिचा पहिला शब्द धक्का लागल्यासारखा पडायचा. शेवटी ती पाणी पिऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझा आवाज संपला असेल बाई." टकटकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज संपलेला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. काय बिघडलंय तेच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती मागच्या खोलीत, दार उघडंच टाकून, दोन्ही गाणी आलटून पालटून लावत बसली. घरचं, मग कंपनीतलं. परत घरचं. पुढच्या खोलीतली मशीन थांबली आणि सासरे गळ्यात टेप घेऊन दारात उभे राहिले. तिला वाटलं, आवाजाची तक्रार असणार.

"सूनबाई, तुम्ही कधी बाही लावलीय?"

"नाही बाबा."

"दिसतंच आहे. हे दुसरं तुम्ही नाकासमोर शिवलंय. बाजूची शिलाई सरळ असते, मशीन कितीही पळवा. पण बाही खांद्याला लागते तो मुंढा गोल असतो. तिथे पाय हळू करावा लागतो, नाहीतर चुण्या पडतात. पहिल्यात तुम्ही हळू केलाय. दुसऱ्यात चुण्या आहेत."

एवढं बोलून ते गेले, आणि मशीन सुरू झाली.

टकटकने पायातली चप्पल काढली. पोत्यांनी एरवी आवाज अडायचा, मशीनची फरशीतली थरथर नाही. सरळ, सरळ, मग जरा हळू, आणि परत सरळ. लग्न होऊन या घरात आल्यापासून अठरा वर्षं ही चाल तिच्या तळव्यांखाली होती. तिने घरचा नमुना मोजून पाहिला. मुखड्यावर वळण्याआधी लय दरवेळी किंचित मागे रेलत होती, तेवढ्यात गायिकेला श्वास मिळत होता. कंपनीत तिने नेमकी तीच जागा इस्त्रीखाली मारली होती.

शुक्रवारी सकाळी तिने टिकटिक बंद करायला लावली आणि ड्रमवाला, गिटारवाला, गायिका यांना एकाच खोलीत, एकमेकांसमोर बसवलं. रेकॉर्डिस्ट कुरकुरला की असं केलं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणार, मग नंतर काही कापता-जोडता येणार नाही. टकटक म्हणाली, "नकोच कापायला. माझ्या पायाकडे बघा." आणि चप्पल काढून मध्ये बसली. पहिल्या वेळी गिटारवाला चुकला. दुसऱ्या वेळी घाबरून तिचाच पाय पळाला. तिसऱ्या वेळी वळणावर तिचा पाय मंदावला, ड्रमवाला तिच्याबरोबर रेलला, आणि गायिकेचा शब्द असा येऊन बसला की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कुरकुरायचं विसरला. गायिकेने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली की एसी फार आहे.

साहेबांनी बाराला गाणं ऐकलं. परत एकदा ऐकलं. चेहरा दगडासारखा, पण टेबलाखाली बूट हलत होता. मग त्यांनी विचारलं, बाकीची सात कधी देणार?

चार महिन्यांनी रेकॉर्ड घरी आली. सासऱ्यांनी चष्मा पुसून कव्हर मागूनपुढून वाचलं. निर्माती म्हणून सुनेचं पूर्ण नाव छापलं होतं. त्यावरून त्यांनी हळूच अंगठा फिरवला, शिलाई तपासतात तसा.

"छापलंय सरळ," ते म्हणाले. "आता पुढच्या रेकॉर्डला पोत्यांत रेशमी चिंध्या भरा. मी वेगळ्या काढून ठेवल्यात."