खड्डेगुरुजी आणि गाडीचे बुश

माझ्या साडूला सासुरवाडीत खड्डेगुरुजी म्हणतात. शाळेतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली, तरी अजिंठ्याला गेलं की मेहुण्याची नातवंडंसुद्धा त्याला याच नावानं हाक मारतात आणि तोही हसून ओ देतो. हे नाव त्याला माझ्यामुळे पडलं. त्यामागची खरी गोष्ट यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला माहीत नव्हती.

सगळं सुरू झालं सासऱ्यांच्या गाडीवरून. पांढरी, चौकोनी तोंडाची, जुन्या बांध्याची गाडी. सासऱ्यांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी ती द्यायची ठरवली. मी थोरला जावई. त्यातून चिकलठाण्याच्या कारखान्यात रबरी भागांच्या तपासणीवर होतो, म्हणजे गाडीच्या अंगातलं थोडंफार कळणारा. गाडी मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. कंपाउंडमध्ये ती कुठं उभी करायची ती जागाही झाडून ठेवली होती. सासरे म्हणाले, "थोरले पाव्हणे, तुम्हाला कंपनीची बस हाय. धाकल्या पाव्हण्यांना दूरची शाळा मिळालीया. त्यांना नेऊ द्या."

म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर जास्त लागलं.

साडू गाडी चालवायचाही सुरेख. ब्रेक कधी लागला ते कळायचं नाही. गाणं गुणगुणत एका दमात गाडी उलटी फाटकातून बाहेर काढायचा. आम्ही दोघं कुटुंबांसकट अजिंठ्याला निघालो की माझी बायको मागून म्हणायची, "बघा, पोटातलं पाणी हलत नाही." तिनं माझ्या कुठल्याही कामाबद्दल असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहायचो. सासुरवाडीला पोचल्यावर पोरं त्याच्याभोवती, मेहुणे त्याच्याभोवती. माझ्या वाट्याला पाण्याचा तांब्या आणि "प्रकृती काय म्हणते?"

एक दिवस तो माझ्याकडे आला. "साडभाऊ, पुढून खटखट येतीय. तुमचं खातं हाय, बघा बरं."

पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आडवे आर्म असतात. ते ज्या सांध्यात हलतात तिथं रबराचे बुश बसवलेले असतात, माणसाच्या गुडघ्यातल्या गादीसारखे. त्याचे झिजले होते. मी म्हणालो, मूळचे नकोत, त्यापेक्षा सरस घालू. बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी, मध्ये चिकटवलेलं कडक रबर, असे मी स्वतः निवडून आणले. इथपर्यंत माझ्या मनात खोट नव्हती. उलट आता याच्या गाडीत माझंही काही असेल, असं वाटून बरं वाटत होतं.

रविवारी माझ्याच कंपाउंडमध्ये काम काढलं. गाडी पुढून उचललेली, चाकं लोंबकळती. जुने बुश निघाले, नवे बसले. मग त्यानं बोल्टला पाना लावला आणि विचारलं, "कसू का? गच्च?"

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. त्याचे काळे हात बघून म्हणाली, "भाऊजींना सगळंच येतं बाई."

मी म्हणालो, "कसा. गच्च."

या बुशाचा बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटचा कसायचा नसतो. आधी गाडी खाली घ्यायची, तिचं ओझं चाकांवर येऊ द्यायचं, मग कसायचं. अधांतरी कसला तर गाडी जमिनीवर येताच आतलं रबर पिळून बसतं. मग ते कायम पिळलेलंच राहतं आणि खड्ड्याखड्ड्याला फाटत जातं. कारखान्यात नव्या पोरांना मीच हे शिकवायचो. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की त्या दिवशी गडबडीत राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. वाक्य तोंडाशी आलं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं.

तो अंगाचा सगळा भार पान्यावर टाकून, गाणं म्हणत, एकेक बोल्ट कसत गेला.

पाऊसकाळ संपायच्या आत गाडी पुन्हा वाजू लागली, एका बाजूला ओढू लागली. त्या काळात सिल्लोडच्या पुढं रस्ता खणून ठेवलेला होता, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. अजिंठ्याला जेवणाच्या पंगतीत मेहुण्यानं मला विचारलं, "दाजी, तुम्ही तर एक नंबर बुश टाकले होते ना?"

मी भाकरी मोडत म्हणालो, "बुश एक नंबरच आहेत. पण वाटेतला एकेक खड्डा वेचत निघाल्यावर बुश काय करतील, खड्डेगुरुजी?"

पंगत लोळायची बाकी राहिली. साडूही हसला. सासरे हसले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, "गाडी थोरल्या पाव्हण्यांकडं राहू द्या. त्यांना कदर हाय." जे ऐकायला मी तरसलो होतो ते असं ऐकलं. साडूनं रुमालानं स्टिअरिंग पुसलं आणि चावी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं नीट राहील. माझा हातच वाईट."

घरी आणल्यावर मी एकट्यानं ते बुश काढले. पिळलेल्या पंच्यासारखं रबर, कडेनं फाटलेलं. भंगारात टाकले. तसेच दुसरे आणले, चाकं टेकवून बसवले आणि गाडी मुकी झाली. लोक म्हणाले, बघा, हाताहातात फरक असतो.

त्यानंतर साडूनं गाडी घेतलीच नाही. बसनं जायचा. लायसन मात्र मुदत संपली की न चुकता पुढं वाढवून घ्यायचा. ओळख दाखवायला लागतं म्हणायचा. आमच्याबरोबर यायचा तेव्हा मागं बसून गाणी म्हणायचा आणि गाडीतले सगळे तिकडं वळून बसायचे. गाडी माझी, स्टिअरिंग माझ्या हातात, तरी जळायचो मीच. पोटातल्या पाण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

यंदा त्या बुशांचंही रबर तडकलं. मी आणखी वरच्या प्रतीचे मागवले, जाड आणि जास्त कडक. गुडघ्यांमुळे मला आता खाली बसवत नाही, म्हणून साडू मदतीला आला. गोणपाटावर आडवा होऊन गाडीखाली शिरला. बाहेर फक्त पाय. गाणं चालू.

"साडभाऊ, कसू का? गच्च?"

"अहो नाय नाय! आधी गाडी खाली घ्या. चाकं टेकल्याशिवाय कसायचं नसतं. रबर पिळून बसतं आन् फाटतं!"

गाडी आता माझी होती, त्यामुळे तोंडातून आपोआप निघालं.

गाणं थांबलं. पाय हलायचे थांबले.

"मागं तर आपण अधांतरीच कसले होते," आतून आवाज आला.

"व्हय."

"तवा तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. त्यानं विश्वासही ठेवला असता, आणि तेच मला सोसेना. मी म्हणालो, "ठाऊक होतं."

तो सरकत बाहेर आला आणि चाकाला टेकून बसला. हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला.

"म्हणजे ते खड्डे..."

"खड्ड्यांचा काही संबंध नव्हता, गुरुजी. तुमच्या हाताचा पण नव्हता."

"पोरीला गाडी शिकायची होती," तो म्हणाला. "माझ्याकडूनच शिकणार म्हणून अडून बसली होती. मी नाय म्हणलो. म्हणलं, माझा हात लागला की गाडी बिघडती. लई रुसली होती."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला. "मला नका सांगू. जिथं नाव ठिवलं तिथं सांगा. पंगतीत."

मग तो उठला. चाकांखाली जाड फळ्या सरकवून त्यानं जॅक उतरवला, बोनेटवर तळवे टेकून गाडी चार वेळा दाबली, ओझं नीट बसू दिलं. पुन्हा खाली शिरून बोल्ट कसले. या वेळी मला विचारलं नाही.

मेहुण्याच्या धाकट्या नातवाच्या जावळाला आम्ही चौघं अजिंठ्याला गेलो. मीच चालवत नेली. पंगत बसली तशी एक पोरगी ओरडली, "खड्डेगुरुजींना जिलबी वाढा!" साडूनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पानातली जिलबी सरळ करत बसला.

मी बोललो. बुश, बोल्ट, लोंबकळती चाकं, चहा, सगळं. पोरांना बुश काय ते कळेना, तर तेही समजावून सांगितलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, चेष्टा करताय का?"

"नाय."

"आमच्या वडलांनी तुमच्या शब्दावर त्यांची चावी काढून घेतली हो. जाईपर्यंत म्हणत होते, धाकल्या पाव्हण्याला वस्तूची कदर नाय."

वाढणारे हात थांबले होते. माझ्या बायकोनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. ती माझ्यामागं आली, खुंटीला टांगलेल्या माझ्या सदऱ्यातून चावी काढली आणि साडूच्या पानाशेजारी ठेवली. "जाताना तुम्ही चालवा, भाऊजी."

निघताना त्यानं आरसा दोनदा फिरवला, सीट पुढं घेतली, मागं घेतली. गावाबाहेर पडेस्तोवर गाडी जपून, जवळजवळ भीत भीत चालवली. सिल्लोड मागं पडल्यावर खांदे सैल झाले आणि तो गुणगुणू लागला. त्याची बायको शेजारी, आम्ही दोघं मागं. माझी बायको दिवसभरात माझ्याशी बोलली नव्हती. ती पुढं वाकून बहिणीला म्हणाली, "बघ गं, पोटातलं पाणी हलत नाही."

बुश मी निवडले होते. टेकवून कसायचं मी सांगितलं होतं. मी खिडकीकडं तोंड केलं आणि पायाखालच्या पत्र्याकडं कान लावून बसलो, कुठंतरी एकदा खट्ट वाजतंय का म्हणून. शहर येईपर्यंत वाजलं नाही.