कोसमटोल्याचे विद्यापीठ आणि चारोळीचा बाजार

वडसा स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. वैशाख सरत आला होता, जंगलात चारोळी उतरली होती आणि मी दरवर्षीप्रमाणे मिठाची पोती घेऊन खरेदीला निघालो होतो. पण या खेपेला चामोर्शीच्या बाजाराआधी मला कोसमटोला पाहायचा होता. त्या खेड्यातल्या लोकांनी स्वतःच एक विद्यापीठ काढले आहे, तिथे फी नाही, परीक्षा नाही, कोणीही जाऊन बसावे, असे ऐकले होते.

ऐकून माझे डोके फिरले होते, हे सांगून टाकतो. आमच्या गावच्या वाचनालयाला लागलेले सगळे सागवान मी दिले. व्याख्यानमालेत एक दिवस व्यापारावर बोलू द्या म्हटले, तर चिटणीस हसून म्हणाले, "शेठ, व्यासपीठावर बसायला निदान मॅट्रिक तरी लागते." मी हमाली करून वर आलेला माणूस. लाकूड चालते, पण तोंड चालत नाही, हे माझ्या मनातून जात नव्हते. मग अडाण्यांच्या या विद्यापीठात कोणाची वट चालते, ते बघूच, असे ठरवले.

आरमोरीच्या पुढे मोटारीचे इंजिन तापले. ड्रायव्हरने डबा हातात दिला आणि आम्ही उतारू कोरड्या नाल्यात झिरा (वाळू उकरून काढलेले पाणी) शोधत हिंडलो. पोती माझी होती म्हणून ड्रायव्हर जादा भाडे मागू लागला. मी भांडून अर्ध्यावर आणले. चामोर्शीला पोती उतरवून पुढे बैलगाडी केली. धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) भेगाळून पडल्या होत्या. त्या संपल्या आणि जंगल सुरू झाले. वारा नव्हता. मोहाखालची जमीन फुले वेचण्यासाठी जाळून काळी केलेली, आणि त्या काळ्यावर सागाची मोठी पाने पडलेली.

कोसमटोल्यात खुशालभाऊ नावाचे धानवाले शेतकरी सामोरे आले.

"या जी. तुम्ही काय शिकवता?"

"मी पाहायला आलोय."

"पाहाले कोणी येत नाई इथी. ऐकाले येते, नाई तं सांगाले."

आंबील आणि अंबाडीची भाजी खाता खाता मी त्यांना माझा चारोळीचा धंदा सांगितला, मग आंबराईत गेलो; विद्यापीठ तिथेच भरते. शेतकऱ्यांच्या बायका, गोंड कुटुंबे, सगळी एकाच सावलीत बसली होती. धान घरात आल्यापासून पावसापर्यंत रोज कोणीतरी आपल्याला येते ते सांगतो. त्या दिवशी चांद्याच्या कोर्टात जमीन हरलेले एक म्हातारे बाबा कोणत्या कागदावर अंगठा उठवू नये, ते सांगत होते. एका बाईने उठून त्यांच्यापुढे पळसाचे पान ठेवले. ही तिथली रीत. समजले नाही, किंवा अर्धेच सांगितले असे ज्याला वाटेल, त्याने पान ठेवायचे. ते त्याने परत उचलेपर्यंत सांगणाऱ्याने जागेवरून हलायचे नाही. बाबांनी पुन्हा सांगितले, हसत. पान उचलले गेले.

मग खुशालभाऊ माझ्याकडे वळले. "आता शेठ सांगतीन. सौदा कसा करावा."

ज्यासाठी गावात तोंड वेंगाडले, ते इथे न मागता मिळाले. मी घसा साफ केला. सचोटी, काटकसर, गोड वाणी यांवर बोललो. चांगले बोललो असे वाटले. पाहतो तर माझ्यापुढे पानांचा ढीग.

"मी काय तुमचा गडी आहे?" मी ओरडलो. "फुकट सांगतोय तर हा अपमान?"

पुढे बसलेली गोंड बाई शांतपणे म्हणाली, "अपमान नाई, भाऊ. चारोळीचं सांगा नं. परवा बाजार आहे."

तिचे नाव सोमबाई. दरवर्षी ती टोपलीभर चारोळी देऊन टोपलीभर मीठ घेई. "मागच्या पावसाळ्यात मीठ सरलं. लेकरं अळणी आंबील पेली. यंदा जास्त वेचलं. ते बी तसंच जाईन का?"

मी एक खुबी सांगितली. आम्ही चारोळी दाबून भरतो आणि मीठ मोकळे ओततो. काही पाने उचलली गेली. दुसरी सांगितली. आम्ही व्यापारी बाजारात वेगवेगळे बसतो, पण भाव आधीच ठरवून येतो. आणखी पाने गेली. सोमबाईचे राहिले.

"आता काय उरलं?" मी चिडून विचारले.

"ते तुमाले ठाऊक. तुमी थांबून थांबून सांगून राह्यले."

खुशालभाऊ म्हणाले, "दुकानदार आहेत ते, बाई. सारा माल एकदम कसा दाखवतीन?" सगळे हसले. ती हसली नाही.

मी त्या पानाकडे पाहिले. माझे पोट याच मालावर होते. पण आमच्या गावात माझा पहिला शब्द कोणाला नको होता, आणि इथे एक बाई माझ्या शेवटच्या शब्दासाठी अडून बसली होती.

"चारोळी शहरात मिठाच्या कितीतरी पट भावाने जाते," मी म्हणालो. "बदल्यात मीठ घेऊ नका. वजनावर पैसे घ्या, मीठ वेगळे विकत घ्या. आणि घाई आम्हाला असते. हलवायांना माल कबूल करून आम्ही येतो. रिकामे परत जाऊ शकत नाही. आम्ही उठून निघालो तरी हाक मारू नका."

तिने पान उचलले.

चामोर्शीच्या बाजारात मी माझ्या जागी बसलो. बायका टोपल्या झाकून बसल्या होत्या. उन्हे डोक्यावर आली तरी एकही टोपली उघडली नाही. आमच्याच गावचा एक व्यापारी, माझा जुना सोबती, कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "यांना कोणी फितवले?"

मी टोपल्यांकडे वळलो. सोमबाईकडे जाऊन सवयीने पडता भाव सांगितला. तिने मान हलवली. माझा पारा चढला. मी ताडकन उठलो आणि चालू लागलो. मागून हाक येईल म्हणून कान टवकारले. हाक आली नाही. बाजाराच्या टोकाशी थांबलो, पाणी प्यालो आणि परत गेलो.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "ऊन लय आहे."

तिने मागितलेल्या दराने मी माल घेतला. ते पाहून दुसऱ्यांना घ्यावाच लागला. सोबती जाताना माझ्याकडे बघून थुंकला आणि परतीच्या आगगाडीत दुसऱ्या डब्यात बसला. वडशापासून घरापर्यंत मी एकटाच खिडकीशी होतो. बुडालेल्या नफ्याचा हिशेब मनात मांडत होतो. तरी सोमबाईने ते पान उचलले तेव्हा तिची बोटे कशी हळू चालली, तेच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होते.

गावात हलवायाने मूठभर चारोळी तळहातावर घेतली, फुंकली आणि कपाळाला आठ्या घालून विचारले, "इतकी महाग? जंगलात पीक बुडाले काय?"

"पीक भरपूर आहे," मी म्हणालो. "बायका आता हाक मारत नाहीत."