नळाजवळ उभं राहणारं माणूस

शरद गेला हे मला डहाणू रोडच्या हार्डवेअरवाल्याने फोनवर सांगितलं. बिचाऱ्याला धड बोलताही येत नव्हतं. "तुमचे भाऊ पाइपचा वायसर बघत होते... जरा बसतो म्हणाले..." एवढंच. आशागडहून मी रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला तेव्हा रडू नाही, राग आला. अजून येतो. मला, त्याच्या ताईला, नळाजवळ उभं केल्याशिवाय जो अंगण धुवायचा नाही, तो मरायला मात्र एकटा गेला.

हे उभं राहण्याचं प्रकरण सांगायला हवं. शरद माझा धाकटा भाऊ. मी लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली, त्याची मुलगी नीता लग्न होऊन वापीला. चिकूच्या वाडीत आम्ही दोघंच उरलो. पावसाळ्यानंतर आमच्या अंगणावर असं शेवाळ धरतं की चालणं म्हणजे कसरत. म्हणून शरदनं पेट्रोलवर चालणारं प्रेशर वॉशर आणलं. दोरी ओढली की इंजिन सुरू, आणि बंदुकीसारख्या नळीतून पाणी असं सुटायचं की शेवाळाखालची जुनी फरशी वर यायची. लहान पोराला सायकल मिळावी तसा तो हरखला होता.

पहिल्याच पावसाळ्यात मात्र त्यानं घोळ घातला. चिकूचे क्रेट धुवायचे होते, बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून पठ्ठ्यानं मशीन शेडमध्ये घेतलं आणि आत पाणी उडू नये म्हणून दारही ओढून घेतलं. मी स्वयंपाकघरात. पाणी सोडलं की इंजिनचा आवाज जड होतो, थांबवलं की हलका होतो, हे तोवर माझ्या कानाला ठाऊक झालं होतं. आणि तो आवाज हलकाच राहिला... किती तरी वेळ. मी जाऊन दार उघडलं तर शरद क्रेटला टेकून बसलेला, ओठ पांढरे, मला ओळखही देईना. काखेत हात घालून ओढत त्याला पावसात आणलं. डॉक्टर म्हणाले, इंजिनच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. आणखी थोडा वेळ गेला असता तर...

त्या दिवसापासून शरद बदलला. मशीन कायम उघड्यावर, घराच्या दारा-खिडक्यांपासून लांब. चप्पल घालून धुणं बंद, गमबूट आणि डोळ्यांना चष्मा. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरायचं नाही. नळीचं तोंड माणसाकडे तर नाहीच, गंमत म्हणून आमच्या मांजरीकडेही नाही. "सुईएवढं भोक पडलं तरी पाणी आत मांसात घुसतं ताई, वरून काही दिसत नाही," म्हणायचा. मशीन बंद केल्यावर नळ बंद करून बंदुकीचा खटका एकदा दाबायचा, पाइपात दाबलेलं पाणी पिचकारीसारखं निघून जायचं, मगच हात पुसायचा. आणि सगळ्यात मोठा नियम: नळाजवळ कोणीतरी उभं हवं. त्याला दिसेल असं.

ते कोणीतरी म्हणजे मी. तलासरीला त्याच्या मित्राचा टेम्पो धुवायला मी बरोबर, विवळवेढ्याला एका ओळखीच्यांच्या लग्नाआधी मांडवाची जागा धुवायला मी बरोबर. लोक विचारायचे, "बाई, तुमचं काय काम?" मी म्हणायची, "मी साहेबांची सुपरवायझर." चिडायचीही मी. आमटी गॅसवर टाकून कोण उभं राहणार? "तू काही करू नकोस गं," तो म्हणायचा, "नुसती बघ माझ्याकडे." मधून मधून तो मान वळवायचा, मी हात वर करायची, तो परत धुवायला लागायचा. या वयात माझ्याकडे असं वळून वळून बघणारं दुसरं कोण होतं?

आता अंगण पुन्हा हिरवं झालंय. गेल्या आठवड्यात मी घसरले, गुडघ्यावर निभावलं. नीता म्हणते, "आत्या, तू एकटी तिथे राहू नकोस, वापीला ये." मी म्हटलं, मला अंगण धुता आलं तर मी राहीन. परवा सकाळी मशीन बाहेर काढलं. गमबूट चढवले, दोन साइझ मोठे. चष्मा लावला. नळ सोडला, खटका दाबून पाइपातली हवा जाऊ दिली. बघून बघून सगळं पाठ होतं. दोरी हातात घेतली आणि सवयीनं मान नळाकडे वळली.

तिथे बादली होती.

मी दोरी सोडली, नळ बंद केला, खटका दाबून उरलेलं पाणी सोडून दिलं. नीताला फोन केला. "रविवारी ये. न्यायला नको, नळाजवळ उभं राहायला." "एखादा मजूर उभा कर ना आत्या." मी म्हटलं, मजूर मोबाईल बघत उभा राहील. मला माझ्याकडे बघणारं माणूस हवंय. ती म्हणाली, "या रविवारी नाही गं जमणार. पुढच्या बघते."

मशीन ओट्यावर आहे, चष्मा त्याच्या खिळ्यावर. सकाळी चहा झाला की माझे पाय आपोआप नळाकडे जातात. मी तिथे थोडा वेळ उभी राहते, मग आत येते.