दोन कामांची कार्बाईन

पाच गोळ्या मारल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला. पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर एकच भोक दिसत होतं, कडा जरा फाटलेल्या. मला वाटलं, बाकीच्या गोळ्या कुठेतरी बाहेर गेल्या. हेड कॉन्स्टेबल पाटील चालत गेले आणि टार्गेट काढून घेऊन आले. खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून त्यांनी त्या भोकावर ठेवलं. पाचही गोळ्या नाण्याखाली झाकल्या गेल्या.

"मॅडम, हात अजून तसाच आहे तुमचा," ते म्हणाले.

मी कार्बाईन मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. खोटं कशाला सांगू, ती मला परत पेटीत ठेवावीशी वाटत नव्हती.

मी बुऱ्हाणपूरच्या पोलीस लाईनीत सब-इन्स्पेक्टर आहे. जवानांना हत्यार चालवायला शिकवणं हे माझं काम. पाटील तेव्हा आमचे आर्मोरर होते, म्हणजे हत्यारं उघडून साफ करणारे, दुरुस्त करणारे. शाहपूरचे. घरी केळीची बाग, पण त्यांचा जीव सगळा स्प्रिंगा आणि पिनांमध्ये.

मुख्यालयाच्या सांगण्यावरून एका नव्या सेमी-ऑटोमॅटिक कार्बाईनचे दोन नमुने आले होते. कार्बाईन म्हणजे आखूड नळीची रायफल. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप आत येऊन बसते. ट्रायल घेऊन आम्हाला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. ड्यूटीसाठी चालेल का? पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धांसाठी चालेल का? दोन्हींना 'हो' आलं तरच खरेदी होणार होती. फक्त स्पर्धेसाठी पाच-दहा नग कोणी घेत नाही.

नमुने पोचवायला कंपनीचा माणूस आला होता. "मैडम, एक ही हथियार, दोनों काम," एवढंच बोलून सह्या घेऊन गेला.

यात माझं काय अडकलं होतं ते सांगायला हवं.

मी एकेकाळी राज्य पोलिसांच्या संघात होते. कार्बाईन हीच माझी स्पर्धा. अखिल भारतीय मीटसाठी, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेसाठी, निवड झाली, ब्लेझर शिवून झाला, तिकिटं निघाली. त्याच आठवड्यात नेपानगरहून फोन आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. ते तिथल्या कागद कारखान्यात फिटर होते. भुसावळकडून नोकरीसाठी आले आणि तिथलेच झाले. मी मीटला न जाता मिलच्या क्वार्टरमध्ये गेले. त्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही. "पुढच्या वर्षी जाशील गं," बाबा वाकड्या तोंडानं म्हणायचे. पण पुढच्या वर्षापर्यंत संघातल्या जुन्या कार्बाईनच्या नळ्या इतक्या झिजल्या होत्या, की नेम कितीही धरा, गोळ्या विखरायच्या. नवीन हत्यार येईल तेव्हा संघ पुन्हा बांधू, असं सांगून संघ बंद केला. त्याला अकरा वर्षं झाली होती. बाबा गेले. मी बेचाळीस वर्षांची झाले. नेमबाजीत हे वय फार नाही, पण वाट बघायला अजून किती वर्षं उरली आहेत, हा हिशेब मी अधूनमधून करायचे.

आणि आता ही कार्बाईन. हिचा ट्रिगर असा होता की बोटानं नुसतं ठरवलं तरी पुरे. कुठे अडखळणं नाही, ओढाताण नाही. श्वास सोडल्यावर एक क्षण सगळं शांत होतं, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, आणि टार्गेट एका रेषेत थांबतात, आणि त्या शांततेतच गोळी सुटायला हवी. तो क्षण मला अकरा वर्षांनी परत मिळाला होता.

ड्यूटीची परीक्षा वेगळी असते. हत्यार दिवसभर जीपमध्ये फिरवायचं, धूळ खाऊ द्यायची, आणि साफ न करता चांदमारीच्या मैदानावर नेऊन गोळ्या मारायच्या. एक नमुना मी कॉन्स्टेबल रेखा महाजनच्या गळ्यात अडकवला. सहा वर्षांची नोकरी, अंगानं बारीक, कामाला चोख. त्यात ड्रिलची, म्हणजे दारू नसलेली, खोटी काडतुसं भरली. तीन दिवस ती इच्छापूरच्या नाक्यावर उभी राहिली आणि शाहपूरकडच्या मातीच्या वाटांवर गस्तीला फिरली. मे महिना होता. केळीचे ट्रक गेले की चार हात समोरचं दिसत नाही, अशी धूळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ती चांदमारीवर आणली. ड्रिलची काडतुसं काढली, खऱ्या गोळ्या भरल्या. पहिलं मॅगझिन ठीक गेलं. दुसऱ्यात स्टॉपेज आलं. म्हणजे पुंगळी बाहेर न पडता आतच अडकली आणि हत्यार मुकं झालं. ट्रायल संपेपर्यंत असं चार वेळा झालं.

फॉर्ममध्ये स्टॉपेजसमोर 'कारण' असा रकाना असतो. मी चारही ठिकाणी लिहिलं, गोळी सदोष.

संध्याकाळी शस्त्रागारात पाटील ती कार्बाईन उघडून बसले होते. फॉर्म त्यांच्या शेजारी होता. आजूबाजूला कोणी नसलं की ते मला ताई म्हणायचे.

"ताई, हे कारण कोणी लिहिलं?"

"मी. का?"

"अडकलेल्या गोळ्या पाहिल्या होत्या का तुम्ही? पुंगळ्या हातात घेऊन?"

मी फॉर्म हातात घेतला.

"त्याच डब्यातल्या गोळ्या तुम्ही पहिल्या दिवशी मारल्या. तेव्हा तर एक बी नाही अडकली."

"एखादा डबा खराब असू शकतो, पाटील."

"असू शकते ना. उद्या चेक करून घेऊ." त्यांनी मान वर केली नाही. चिंधीनं नळी पुसत राहिले.

मला राग आला. त्या रागातच मी घरी गेले. जेवताना लक्षात आलं की पाटलांचा राग येण्यासारखं ते काही बोललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच डब्यातल्या गोळ्या दुसऱ्या, स्वच्छ नमुन्यातून मारल्या. एकही अडकली नाही. मग पाटलांनी मला धुळीतून आलेल्या नमुन्याचा बोल्ट दाखवला. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलणारा आणि पुंगळी बाहेर ओढणारा भाग. त्याच्या कडेला तेल आणि धूळ मिळून काळी पेस्ट झाली होती.

"नेम इतका चांगला का लागतो हिचा?" पाटील म्हणाले. "सगळे पार्ट घट्ट बसवले आहेत. केसाएवढी फट नाही. म्हणून धूळ शिरली की तिला निघायला जागाच नाही. स्पर्धेला साफ करून नेणार, तिथं झकास. नाक्यावर कोण पुसत बसणार?"

मी चारही नोंदी खोडल्या, खरं कारण लिहिलं आणि प्रत्येकासमोर सही केली. स्वतःची चूक चार वेळा सही करून मान्य करावी लागते, तेव्हा चांगली लक्षात राहते.

तरीही आशा सुटली नव्हती. साफसफाईची अट घालून 'सशर्त उपयुक्त' लिहिता येईल, असं मनात घोळत होतं. वाक्यं जुळवत मी त्या दिवशी रेखाबरोबर गस्तीच्या जीपमध्ये बसले. कार्बाईनमध्ये पुन्हा ड्रिलचीच काडतुसं होती. परतलो, जीप लाईनीत थांबली, रेखा उडी मारून खाली उतरली.

"लिव्हर कुठे आहे?" मी सवयीनं विचारलं. लिव्हर म्हणजे सेफ्टीची खटकी. 'सेफ'वर असली की ट्रिगर दाबला जात नाही.

"सेफवर, मॅडम," ती न बघताच म्हणाली. मग तिनं बघितलं.

लिव्हर 'फायर'वर होती.

रेखाचा चेहरा उतरला. "मॅडम, देवीची शपथ, मी हात नाही लावला. निघताना सेफवरच केली होती. तुमच्यासमोर केली होती."

"मला माहीत आहे. घाबरू नकोस. परत जीपमध्ये बस."

तिला मी वीस वेळा जीपमध्ये चढायला आणि उतरायला लावलं. दर वेळी आधी लिव्हर 'सेफ'वर करून घेत होते. पाटीलही येऊन उभे राहिले. वीसपैकी सहा वेळा लिव्हर सरकली. पट्ट्याला लावलेल्या पाऊचची कडा उतरताना लिव्हरवर घासत होती, आणि ती इतकी मऊ की तेवढं तिला पुरत होतं. सहाव्या वेळेला पाटलांनी हळूच "अरे देवा" म्हटलं.

मी इच्छापूरच्या देवीची जत्रा डोळ्यासमोर आणली. रांगेत बायका, कडेवर पोरं, आणि गर्दीत जीपमधून उतरणारी रेखा, गळ्यात खऱ्या गोळ्या भरलेलं हत्यार. ज्या हलक्या ट्रिगरवर माझा जीव जडला होता, तो ट्रिगर.

तशीच आर.आय. साहेबांच्या, म्हणजे लाईनीच्या प्रमुखांच्या, खोलीत गेले. माणूस भला. माझ्या जुन्या स्पर्धा त्यांना माहीत होत्या. लाईनीतून कोणीतरी राष्ट्रीय मीटला जावं ही त्यांचीही हौस होती.

"मैडम, बाकी जिले 'फिट' लिख रहे हैं," ते चहाचा ग्लास उचलत म्हणाले. "आप भी शर्त डालकर लिख दीजिए. टीम बनेगी तो पहला नाम आपका जाएगा. मैं खुद भेजूँगा."

"सर, लिवर अपने आप फायर पर आ रहा है."

"कितनी बार?"

"बीस में से छह बार."

त्यांनी ग्लास खाली ठेवला.  मग म्हणाले, "तो फिर मुझसे पूछने क्यों आई हैं?"

 कोणीतरी मला 'फिट लिहू नका' म्हणावं, म्हणून मी गेले होते की 'लिहा' म्हणावं म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

अहवाल हिंदीत द्यायचा असतो. त्याच दिवशी पहिला भाग लिहून टाकला. ड्यूटी हेतु अनुपयुक्त. खाली कारणं, स्टॉपेज आणि लिव्हर. मी सही केली, पाटलांची घेतली, रेखाचीही घेतली.

दुसऱ्या भागासाठी उभ्यानं मारायच्या दहा गोळ्या बाकी होत्या. आता त्यांचा उपयोग काही नव्हता, पण फॉर्म अर्धा ठेवून पाठवता येत नाही. सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, मी आणि पाटील चांदमारीवर गेलो. वारा पडलेला होता. टेकडीच्या पायथ्याशी टिटवी ओरडत होती, तीही थांबली.

एरवी पाटील दुर्बिणीतून प्रत्येक गोळी कुठे लागली ते सांगायचे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी घाई केली नाही. प्रत्येक गोळीआधी हत्यार खाली घेतलं, श्वास भरला, सोडला, पुन्हा वर आणलं. समोर मीटचं मैदान नव्हतं, शेजारच्या लेनमध्ये कोणी नव्हतं, पाठीमागे नाव पुकारणारा माईक नव्हता. तरी प्रत्येक गोळीला मी तो ऐकत होते. एक, दोन, तीन. सातव्या गोळीला डोळा भरून आला, तेव्हा थांबले, पुसला आणि मग मारली. दहावी झाल्यावरही कार्बाईन खांद्यालाच होती.

"ताई," पाटील मागून म्हणाले, "रिकामी झाली."

स्पर्धा हेतु अति उत्तम, असं मी दुसऱ्या भागात लिहिलं. ते खरंच होतं. दोन्ही नमुने साफ करून पेटीत बसवले, सील केले आणि भोपाळला जाणाऱ्या गाडीत चढवले.

काही महिन्यांनी मुख्यालयाचं पत्र आलं. 'अनुपयुक्त' लिहिणारा जिल्हा आमचा एकटाच होता. त्यामुळे त्यांनी लिव्हरची परीक्षा पुन्हा घेतली, जीपमध्ये चढ-उतार करूनच. निकाल तोच आला आणि खरेदी थांबली. पुढच्या वर्षी कंपनीनं सुधारलेला नमुना पाठवला. लिव्हर कडक, पार्ट जरा सैल, ट्रिगर जड. धुळीत लोळवला तरी अडकला नाही. गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडायच्या. ड्यूटीला तेवढं भरपूर होतं. स्पर्धेच्या रकान्यात या वेळी 'अनुपयुक्त' लिहावं लागलं. मुख्यालयानं मग स्पर्धेची अटच काढून टाकली, आणि कार्बाईन ड्यूटीसाठी मंजूर झाली. संघ काही उभा राहिला नाही.

आज ती रेखाच्या गळ्यात असते. नवरात्रात इच्छापूरला गर्दीच्या बंदोबस्तात मी तिला गाडीतून उतरताना पाहिलं. उतरल्या उतरल्या तिनं लिव्हरकडे बघितलं. पाटील आता शाहपूरला केळी बघतात. सणावाराला फोन करतात आणि नव्या आर्मोररला तेल किती लावायचं ते कळतं का, हे आधी विचारतात.

मी शिकवते. नेम धरताना श्वास कुठे थांबवायचा ते सांगताना माझा आवाज अजूनही जरा खाली येतो, असं शिकायला येणाऱ्या मुली म्हणतात. येत असेल.

एक बदल मात्र मी केला. ट्रायलचा फॉर्म आता मी एकटी भरत नाही. जे हत्यार आपल्याला आवडलं आहे, त्याचे दोष दुसऱ्या कोणाला तरी लिहू द्यावेत आणि आपण फक्त खाली सही करावी.