उजेडात बघू द्या

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो. सुलू गेली, वास तेवढा राहिला. आज नातीनं तिची जांभळी साडी आणि ब्लाउज काढून गॅलरीत उन्हात धरला. म्हणाली, "आजोबा, आजीचं मॅचिंग चुकलंय!"

आजीचं नाही, माझं चुकलं. भाचीच्या लग्नाआधी घाटकोपरला मॅचिंगच्या दुकानात सुलू ब्लाउजपीस घेऊन दाराकडे निघाली. "अहो, जरा उजेडात बघू द्या." मला घाई होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "इथे काय अंधार आहे? दहा ट्यूबा जळतायत! बाहेर नेलं की कापड रंग बदलतं काय, येडे?" दोन बायका हसल्या. तिनं मागे फिरून पीस काउंटरवर ठेवला. तोच घेतला.

लग्नात भर उन्हात ती दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून बसली. मी म्हटलं, "उकडतंय तर पदर सार ना." ती म्हणाली, "तुमचं मॅचिंग झाकतेय."

मी चौथी शिकलेला. नात कॉलेजात जाते. ती सांगत होती, "उजेडाच्या लाटा असतात, आजोबा. लांब लाट लाल दिसते, आखूड जांभळी. उन्हात सगळ्या असतात, ट्यूबमध्ये काही कमी पडतात. म्हणून वेगळे रंगसुद्धा आत सारखे वाटतात." सुलूला हे शाळेशिवाय कळत होतं. आणि मी तिला येडी म्हटलं.

संध्याकाळी नातीनं खोलीतली ट्यूब लावली. "बघा आजोबा, आता जुळलं!"

मी उठलो आणि ट्यूब बंद केली.