एक्स-रेची कव्हरं

चंदीगडच्या आमच्या सेक्टरात कचरा कमी करू पाहणाऱ्यांचं एक मंडळ आहे. पहिल्या सभेत प्रत्येकाला नवी कोरी कापडी पिशवी मिळाली. दुसऱ्या सभेतही मिळाली. अध्यक्षीणबाईंनी घरातल्या लोणच्याच्या, जॅमच्या बाटल्या कबाडीवाल्याला देऊन टाकल्या आणि एका मापाच्या काचेच्या बरण्या मागवल्या. एकसारख्या बरण्यांनी माणसाला शिस्त लागते म्हणे. बरण्या ज्या प्लॅस्टिकात गुंडाळून आल्या त्याचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

माझी बायको त्या सभांना कधी गेली नाही. ती शेजाऱ्यांचे जुने एक्स-रे मागून आणायची आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवायची. चित्रासकट काळा थर सुटला की निळसर, पारदर्शक, न फाटणारी फिल्म उरायची. त्या फिल्मची ती माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायची. माझ्या आईचे गुडघे शब्दकोशावर आहेत. खालच्या मजल्यावरच्या सरदारजींचं मोडलेलं मनगट इतिहासाच्या दोन खंडांना पुरलं. विद्यापीठात शिकवणारा मी, पाहुणे आले की कपाट झाकेल असा बसायचो. "तुझा अस्थिविभाग," म्हणायचो.

"लाजत बसा," ती म्हणायची. "पुस्तकं तरी लाजत नाहीत."

ती गेल्यावर चौथ्या महिन्यात अध्यक्षीणबाई भेटायला आल्या. मी आता कपाटासमोर बसत नाही, त्यामुळे त्यांना सगळं दिसलं.

"भाईसाहब, ये तो कमाल है. भाभीजी की याद में वर्कशॉप रखते हैं. आप बस एक पुरानी फिल्म ले आइए, सबके सामने धोएँगे."

घरात एकच फिल्म होती. तिच्या छातीची, शेवटच्या आजारातली.

"एक भी नहीं बची," मी म्हणालो.

"कोई बात नहीं जी, नई मँगवा लेंगे."

जुन्याचा पुन्हा वापर शिकवायला फिल्मचा नवा डबा. हे त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मी त्यांना आणखी एक कप चहा दिला.

त्या गेल्यावर मी बादलीत पाणी घेऊन पावडर कालवली. चारचौघांत ती फिल्म धुतली जाणार नव्हती. पण धुवायची तर होतीच. तिने घरातलं काही वाया जाऊ दिलं नसतं. फिल्म खिडकीशी धरली. बरगड्या, आणि डावीकडे तो पांढरा डाग. ती काय म्हणाली असती तेही मला ठाऊक आहे: "अहो, चांगली मोठी आहे, दोन पुस्तकं होतील." कव्हर नसलेली दोन पुस्तकं टेबलावर पडलेलीही होती.

मी फिल्म पुन्हा पाकिटात घातली.

बादलीतलं पाणी ओतून देणं मात्र जमेना. त्या पाण्याने मी न्हाणीघराची फरशी घासली. उरलं त्यात बाल्कनीही.